पाहुण्याची गाडी आणि हौदाची वायर

आमच्याकडे थंडी पडली असं कोणी म्हणत नाही. पारा उणे अडतीसवर जातो, नाकातले केस कडक होतात, कुत्रं एकेक पाय आळीपाळीने उचलून उभं राहतं, तरी माणसं दारात येऊन बूट आपटतात आणि म्हणतात, "बरी हवा आहे आज. कोरडी आहे ना, जाणवत नाही." असं म्हणणाऱ्याच्या भुवयांवर त्या वेळी पांढराशुभ्र बर्फ असतो.

मी विनिपेग शहरात वाढले, तिथेच कॉलेज केलं, आणि लग्न करून इथे सरोवराच्या पश्चिमेला होल्मार गावच्या गाईवाल्यांत आले. थंडी आहे असं मोठ्याने म्हणणारी मी इथली एकटीच. त्यामुळे 'काळजी करणारी सून' अशी माझी ख्याती झाली, आणि माझी मुलगी रूना जन्मल्यापासून ती पार पुढच्या चर्चपर्यंत पोचली. रूना अजून रांगत नाही. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. बोटाला ऊब लागली की खिडकीशी जाते आणि अंगणातल्या हौदाकडे बघते. हौदावर वाफ दिसली की परत पाळण्याशी. माझा दिवस या दोन वाफांच्या मधे जातो.

हौद म्हणजे पत्र्याचा मोठा गोल हौद. आमचा सगळा कळप त्यावर पितो, आणि त्यातल्या बहुतेक गाई गाभण. तळाशी विजेचा हीटर. विहिरीचं पाणी जमिनीखालच्या नळाने वर येतं आणि तरंगत्या गोळ्याची तोटी हौद भरला की ते बंद करते. सगळं नाजूक काम त्या तोटीपाशी. तोटी गोठली की मागचा नळ गोठतो, नळ गोठला की फुटतो, आणि फुटलेला नळ वसंतात जमीन सुटेपर्यंत कोणालाही उकरून काढता येत नाही. मग गाई बर्फ चाटतात, चारा सोडतात, आणि मालक त्यांना गाडीत घालून लिलावाला नेतो.

गाई गेल्या तर काय होईल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझा नवरा ब्यार्नी दर हिवाळ्यात उत्तरेला, गोठलेल्या सरोवरावर मासेमारीला जातो. बर्फाला भोकं पाडायची आणि खालून जाळी ओढायची. या वेळी निघताना रूनाच्या टोपीवरून हात फिरवत म्हणाला, "यंदाची वासरं नीट झाली की कळप पुरेसा होतो. मग हा माझा शेवटचा हिवाळा तिकडचा. पुढच्या वर्षी हिला मी झोपवीन, तू खुशाल घोरत पड." म्हणजे तिकडे नवरा बर्फ फोडणार, इकडे मी बर्फ धरू देणार नाही, असा आमचा संसार. हौद गोठला की तो संसार पुन्हा उत्तरेला निघाला.

घरात आणखी दोघं. आमच्याकडे बाळ झालं की मोठ्यांची नावं संपतात. सासरे झाले आफी, सासूबाई झाल्या अम्मा, म्हणजे आजोबा आणि आजी. आफींचा अभिमान एकच: त्यांचा हौद कधी गोठला नाही. खरं तर होल्मारमध्ये कोणाचाच हौद कधी गोठलेला नाही. प्रत्येकाची स्वतःची युक्ती आहे. कोणी हौदाभोवती शेणखत रचतो, कोणी मिठाच्या पाण्याच्या बाटल्या तरंगत सोडतो, कोणी हौद ट्रॅक्टरच्या जुन्या टायरमध्ये बसवतो. दुसऱ्याची युक्ती ऐकून प्रत्येक जण मान हलवतो आणि म्हणतो, "असेल, तुमच्याकडे वारा कमी आहे." दर हिवाळ्यात पहाटे सगळ्या अंगणांतून कुऱ्हाडीचे आवाज येतात. ते लाकडं फोडण्याचे असतात असं मला सांगण्यात आलं होतं. आमच्या इथे बहुतेकांचं घर तेलाच्या भट्टीवर तापतं.

डिसेंबरात स्काप्ती आला. स्काप्ती म्हणजे आमचा शेजारी, आणि गाईवाल्यांच्या समितीचा अध्यक्ष. त्याने बूट आपटले, हवा बरी असल्याचं सांगितलं, साखरेचा खडा दातात धरला आणि कॉफीचा घोट घेऊन बातमी दिली.

"वाल्दी, शहरातून सल्लागार येतोय. क्लासेन म्हणून. हिवाळ्यात जनावरांचं पाणी कसं खुलं ठेवावं यावर बोलणार आहे. समितीने तुमचं अंगण निवडलं."

"माझं कशाला?" आफी म्हणाले, पण पाठ ताठ झाली होती.

"तुमचा हौद कधी गोठला नाही ना."

"तुझा गोठलाय का?"

"छे! पण माझ्याकडे बसायला जागा कमी आहे."

अम्मा लगेच उठून आलुबुखार भिजत घालायला गेल्या. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की विनारतेर्ता करावा लागतो. सात पातळ थरांचा केक, मधे आलुबुखाराचा मुरंबा. तो पाहुण्याने दोनदा नको म्हणायचा आणि तिसऱ्यांदा घ्यायचा. यात बराच वेळ जातो, पण हिवाळाही बराच असतो.

आता दुसरी रीत सांगते, कारण घात तिनेच केला. इथे प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असते. इंजिन गोठू नये म्हणून आत छोटा हीटर असतो, त्याची ती वायर. पाहुणा अंगणात आला की यजमान आधी त्याच्या गाडीची वायर सॉकेटला लावतो, मग त्याच्याशी हात मिळवतो. ती लावायला विसरणं म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवणं, आणि लावलेली काढणं म्हणजे तर विचारूच नका. होल्मारमध्ये दोन चुलतभाऊ होते. मयताच्या कॉफीला एकाने दुसऱ्याच्या गाडीची वायर काढून आपली लावली. त्यानंतर ते बोलले नाहीत. पहिला मेला तेव्हा दुसरा मयताला गेला, पण त्याने कॉफी घेतली नाही. याहून मोठं वैर आमच्याकडे ऐकिवात नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी कडाक्याची, माफ करा, कोरडी हवा होती. जेवणाच्या वेळेपासून गाड्या यायला लागल्या. आफी बाहेर उभे राहून एकेकीला सॉकेट देत होते. भिंतीवरची सॉकेटं भरली, कोठारातली भरली, कोंबड्यांच्या खुराड्यातला दिवासुद्धा काढून तिथे एक पिकअप लावली गेली. वायरींचं अंगणभर जाळं झालं. मी रूनाला कडेवर घेऊन खिडकीतून बघत होते आणि या सगळ्यांत पाय अडकून कोण पडणार याचा अंदाज बांधत होते. तेवढ्यात रूनाने दूध ओकलं, मी तिचे कपडे बदलायला आत गेले, आणि नेमके त्याच वेळी क्लासेन साहेब आले.

साहेब तरुण होते आणि त्यांच्या पिकअपच्या दारावर हसऱ्या गाईचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, 'खुलं पाणी, खूश गाय'. बैठकीच्या खोलीत त्यांनी पडदा लावला, रंगीत वर्तुळं दाखवली आणि हौद गोठण्याची कारणं सांगायला सुरुवात केली. होल्मारचे पुरुष हाताची घडी घालून, हे दुसऱ्या कुठल्या तरी गावाबद्दल चाललंय अशा चेहऱ्याने ऐकत होते. मधूनमधून अम्मा फिरत होत्या.

"घ्या ना एक तुकडा."

"नको नको, पोट भरलंय."

चर्चमधून आणलेलं तोटीचं मोठं स्टीलचं पिंप स्वयंपाकघरात उकळत होतं. कप भरले जात होते. मी सवयीने खिडकीशी गेले.

हौदावर वाफ नव्हती.

मी डोळे चोळले. काचेवर श्वास पडला म्हणून काच पुसली. वाफ नव्हतीच. आमची म्हातारी गाय हुप्पा हौदाशी आली, तिने मान खाली घातली आणि लगेच वर केली. थोडा वेळ उभी राहिली, मग शेजारच्या गाईच्या पाठीवरचा बर्फ चाटायला लागली. हुप्पाला मी ओळखते. ती पाणी सोडून बर्फ चाटणारी नाही.

मी आफींच्या कानाशी गेले. "हौदावर वाफ दिसत नाहीये."

"पाहुणे बसलेत," आफी ओठ न हलवता म्हणाले.

"पाहुणे बसलेत ते दिसतंय. वाफ दिसत नाहीये."

स्काप्तीने मान वळवली. "काय म्हणते सून?"

"काही नाही. बाळाचं काहीतरी."

"बाळाचं नाही, हौदाचं," मी मोठ्याने म्हणाले. "हौदावर वाफ नाही. हुप्पा पीत नाहीये."

क्लासेन साहेब प्रेमळ हसले. "फार चांगलं निरीक्षण आहे. वाफ नसणं हे खरं म्हणजे उत्तम लक्षण. उष्णता बाहेर वाया जात नाहीये! वाल्दींनी हौदाला आवरण चांगलं केलेलं दिसतंय."

सगळ्यांनी आफींकडे आदराने पाहिलं. आफींनी नम्रपणे कप बघितला. एकानेही खिडकीबाहेर पाहिलं नाही. आपल्या हौदाकडे कोणी टक लावून बघितलेलं आपल्याला चालत नाही, म्हणून दुसऱ्याच्याही हौदाकडे बघायचं नाही, असा इथला सभ्यपणा आहे.

रूनाला अम्मांकडे देऊन मी कोट चढवला आणि बाहेर पडले. श्वास घेतला तसा छातीत गोठल्यासारखा वाटला. हौदावर बोटभर जाडीचा बर्फ धरला होता, आणि तरंगता गोळा त्यात दातासारखा घट्ट बसला होता. तोटी हलवली, हलेना. मग वायरीचा माग काढत खांबापर्यंत गेले. हौदाची काळी वायर बर्फात पडली होती आणि खांबाच्या सॉकेटात एक नवीकोरी नारिंगी वायर होती. ती बर्फावरून वळणं घेत हसऱ्या गाईच्या नाकापर्यंत गेली होती.

दोन्ही एकत्र लावता येत नाहीत. लावली की फ्यूज उडतो, पंपाचासुद्धा.

मी आत येऊन आफींना खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. "हौदाची वायर तुम्ही काढलीत?"

"थोड्याच वेळासाठी. साहेबांच्या गाडीला जागा नव्हती."

"तोटी धरलीये, आफी."

"हळू बोल."

"मागचा नळ अजून गेला नसेल. पण आता हीटर लावला नाही तर जाईल. काढू त्यांची वायर?"

आफींचा चेहरा मी बाळाला उलटं धरलंय असा झाला. "पाहुण्याची? माझ्या घरात? एवढ्या लोकांसमोर? अगं, निघतीलच आता. कॉफी झाली की उठतील."

"आणि कॉफी कधी होणार?"

आफींनी पिंपाकडे पाहिलं. मीही पाहिलं. अम्मांनी ते नुकतंच पुन्हा काठोकाठ भरलं होतं. त्याच्या झाकणातून भरपूर वाफ येत होती. घरात त्या घटकेला वाफ असलेली ती एकच वस्तू.

अम्मा रूनाला थोपटत दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या फार बोलत नाहीत. चुलतभावांपैकी पहिल्याची बायको त्यांची बहीण होती.

"पाहुण्याच्या वायरीला मी हात लावणार नाही," अम्मा म्हणाल्या. "पण कॉफी माझी आहे."

त्यांनी रूनाला आफींच्या हातात दिलं, आफींचाच कोट अंगात घातला, आणि पिंपाचा एक कान धरला. दुसरा मी धरला.

"लॉगा," आफी अम्मांना कळवळून म्हणाले, "आत सगळे बसलेत. त्यांना काय देऊ?"

"त्यांना बाळ दाखव."

रूनाच्या घसरगाडीवर पिंप ठेवून आम्ही मागच्या दाराने निघालो. घसरगाडी लाल रंगाची, समोर मुठीएवढी घंटा बांधलेली. त्या निमूट अंगणात ती घंटा वाजत होती आणि आम्ही दोघी वायरींवरून पाय उचलत चाललो होतो. चोरी करताना घंटा नसावी, हे मला तेव्हा कळलं. गाई बाजूला सरून बघत होत्या.

मी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने तोटीभोवतीचा बर्फ फोडला. अम्मांनी पिंपाची तोटी हौदाच्या तोटीवर धरून उघडली. कॉफी चर्र आवाज करत पडली, तपकिरी वाफेचा लोट उठला, आणि त्या थंडीत कॉफीचा वास अंगणभर पसरला. अर्धं पिंप गेलं, काही नाही. पाऊण गेलं. अम्मांचे ओठ पांढरे झाले होते. थंडीने की कॉफीच्या दुःखाने, मला विचारवलं नाही. मी त्या गोळ्यावर हात ठेवून होते, जसा रूनाच्या छातीवर ठेवते तसा.

गोळा हलला. आत कुठेतरी गुळगुळ आवाज झाला, आणि तोटीतून पाणी आलं.

अम्मा बर्फातच खाली बसल्या. "ताजी होती," एवढंच म्हणाल्या.

मी खांबाकडे गेले. नारिंगी वायर हातात घेतली. माझ्या जागी इथली कोणी असती तर तिने ती सोडून दिली असती. मीही एकदा सोडली, आता मला इथे येऊन काही वर्षं झालीत. पण मी ती ओढली, बाजूला टाकली आणि काळी लावली.

आत आफी बाळ दाखवत होते. बाळ सगळ्यांचं पाहून झालं होतं, कप रिकामे झाले होते, आणि रिकाम्या कपासमोर आमचा माणूस फार वेळ बसू शकत नाही. तरी साहेबांची वर्तुळं उरली होती. ती संपली, मग दारातले निरोप सुरू झाले. आमच्याकडे निरोपाला कार्यक्रमाएवढाच वेळ लागतो, एक बूट घालून झाला की नवा विषय निघतो. शेवटी सगळे बाहेर पडले तेव्हा उजेड उतरला होता. साहेबांनी गाडीत बसून किल्ली फिरवली. गाडीने एकदा म्हाताऱ्यासारखा घसा खाकरला आणि ती गप्प झाली. शहरातली उबदार गॅरेजमध्ये झोपणारी गाडी ती. पुन्हा फिरवली. काहीच नाही.

सगळ्यांच्या माना आधी गाडीच्या नाकाकडे गेल्या, मग नारिंगी वायरीच्या मागोमाग खांबाकडे. वायरीचं टोक बर्फात पडलं होतं.

"वायर निघालीये," कोणीतरी हळूच म्हणालं.

"निघत नाही," स्काप्ती म्हणाला. "काढावी लागते. कोणी काढली?"

आजूबाजूच्या प्रत्येकाने आधी आपली वायर जागेवर आहे का ते पाहून घेतलं.

"मी," मी म्हणाले.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे आफींकडे बघत होते. त्यांच्या कडेवर रूना होती, टोपीची दोरी चोखत. त्यांच्या मागे हौदाशी हुप्पा उभी होती. ती तपकिरी पाणी प्यायली, मान वर करून विचार केला आणि परत प्यायली. तिच्या मागे बाकीच्या गाई एकमेकींना ढुशा देत येत होत्या.

"तिने काढली, पण सांगितलं मी," आफी म्हणाले.

आफी माझ्यासाठी कधी खोटं बोलले नव्हते. हे मी ऐकलेलं त्यांचं पहिलं.

"पाहुण्याची वायर मी काढायला लावली," ते पुढे म्हणाले. मग थांबले. रूनाला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं. "हौद गोठला होता."

हे खोटं नव्हतं, आणि हे म्हणायला त्यांना पहिल्यापेक्षा जास्त कष्ट पडले. वायरीचं एक वेळ लोक विसरतील. होल्मारमध्ये हौद गोठला असं आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. स्काप्ती बुटाने बर्फ टोकरायला लागला.

"माझा मंगळवारी गोठला," तो बुटाला म्हणाला.

"माझा तर तसा..." टायरवाला म्हणाला. "टायरसकट गोठतो. कुऱ्हाडीने टायर फाटला."

"शेणखताने काही होत नाही," तिसरा म्हणाला. "नुसता वास येतो."

"बाटल्या फुटतात."

एकदा सुरू झालं ते थांबेना. माणसं कधी कोणाच्या घरी बोलत नाहीत इतकी आमच्या अंगणात, उणे अडतीसमध्ये, उघड्या तोंडाने बोलत होती. कोणाची तोटी, कोणाचा नळ, कोणाच्या बायकोने केस वाळवायच्या यंत्राने सोडवलेला पंप. क्लासेन साहेब गाडीची काच खाली करून ऐकत होते. त्यांच्या एकाही वर्तुळात हे नव्हतं. मग बोलणं आपोआप संपलं, सगळ्यांना जरा लाज वाटली, आणि स्काप्ती आकाशाकडे बघून म्हणाला, "पण हवा कोरडी आहे म्हणून बरं."

"हो, जाणवत नाही," सगळे म्हणाले.

साहेबांची गाडी दुसऱ्या दिवशीही सुरू झाली नाही, आणि तिसऱ्याही. बॅटरीच गोठून फुटली होती. थंडी ओसरेपर्यंत ते आमच्याकडेच राहणार आहेत, ब्यार्नीचे लोकरी कपडे घालून. रोज सकाळी कुऱ्हाड घेऊन हौदाच्या कडेचा बर्फ काढायचं काम अम्मांनी त्यांना दिलं. विनारतेर्ता ते आता पहिल्याच वेळी घेतात. अम्मा म्हणतात, बिचाऱ्याला वळण नाही.

समितीने ठराव केला की हौदावर उकळतं पाणी ओतावं, कॉफी पाहुण्यांसाठी राखावी. आमच्या खांबावर दुसरं सॉकेट बसवावं का, यावर विचार करायला त्यांनी तीन जण नेमले आहेत. ते तिघंही कॉफीला येतात, गाड्या घेऊन. म्हणून मी रूनाचा एक लाल लोकरी मोजा हौदाच्या प्लगवर चढवला आहे, घोट्यापर्यंत, आणि वरून नाडी बांधली आहे. होल्मारचा माणूस हौदाची वायर काढेल, पण बाळाच्या पायातला मोजा हिवाळ्यात काढणार नाही. अजून तरी कोणी काढलेला नाही. आफी येताजाता नाडी घट्ट करतात.

रविवारी ब्यार्नीचा फोन आला. मासेमारीच्या तळावरून आवाज तुटत येतो.

"पाणी खुलं आहे ना?"

"आहे."

"आणि मागे कुऱ्हाड कोण चालवतंय?"

"सल्लागार."

तो पलीकडे मोठ्याने हसला. मग म्हणाला, "थंडी आहे का गं तिकडे?"

"आहे," मी म्हणाले. "फार आहे. लवकर ये."

"इथेही आहे," ब्यार्नी म्हणाला. त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.